थांबा, तो बोलतोय

आपलंच लेकरू परक्याच्या कडेवर बसून, परक्यालाच ‘बाबा’ म्हणत बाजारातून जाताना दिसावं, तसं त्या दिवशी फ्रेमवाल्या काकूंना झालं. तेही स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या काउंटरवर, गिऱ्हाइकासमोर.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण बाई, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. बाईने पिशवीतून गुळगुळीत कागदावर छापलेला मजकूर काढला आणि काउंटरवर पसरला. “साधी काळी फ्रेम करा, काकू. काच चमकणारी नको. हिच्या पलंगासमोर लावायचीय, रोज नजरेला पडायला पाहिजे.”

काकूंनी सवयीने पट्टी लावली, रुंदी मोजली, आणि लांबी मोजता मोजता पहिल्या ओळी वाचल्या. ‘माझ्या मुलाला पाणी हवं होतं. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच बसून राहिला. मी ग्लास पुढे केला नाही. मी थांबलो.’

पट्टी हातातच राहिली. या ओळी काकूंच्या होत्या. त्यांनी ‘थांबले’ लिहिलं होतं, इथे ‘थांबलो’ झालं होतं, बाकी काडीचा फरक नाही. पाणी मागणारा मुलगा त्यांचा, ग्लास त्यांच्या ओट्यावरचा, आणि तो पुढे न करणारा हातही त्यांचाच. खाली मात्र कोट घातलेल्या एका हसऱ्या माणसाचा फोटो होता, आणि फोटोखाली ‘सुप्रसिद्ध वाणी-प्रशिक्षक’. स्वतःला सुप्रसिद्ध म्हणवणाऱ्या माणसाच्या हातात काकूंनी एरवी दुकानाची किल्लीही दिली नसती.

आणि शेवट? काकूंचा लेख संपत होता तो असा: ‘तो अजून अडखळतो. आम्ही थांबतो.’ या कागदावर होतं, ‘आज तो अडखळत नाही. एकदाही नाही. तुमचंही मूल बोलेल. आजच नाव नोंदवा.’

“हे कुठं मिळालं तुम्हाला?” काकूंनी विचारलं.

“सरांच्या वेबसाइटवर. कोर्स घेतलाय ना आम्ही. हीपण अडखळते. सर म्हणतात, स्वच्छ बोलता येत नाही तोवर बोलायचंच नाही. अडखळलं की तोंड मिटायचं. त्यांचा मुलगा तसाच बरा झाला.”

“मग हिला फरक पडला?”

“आता अडखळत नाही,” बाई म्हणाली. मुलीवरची नजर काढून ती हळूच पुढे म्हणाली, “आता बोलतच नाही फारशी.”

मुलगी भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या चौकटी बघत होती. तिने ओठ घट्ट मिटले होते.

“ही फ्रेम मी करणार नाही,” काकू म्हणाल्या. “हे मी लिहिलंय. हा मुलगा माझा आहे, आणि तो आजही अडखळतो. हा माणूस खोटं बोलतोय, बाई. मुलीला बोलू द्या. अडखळत का होईना, बोलू द्या तिला.”

बाईचा चेहरा आधी गोंधळला, मग बंद झाला. “सर म्हणालेच होते, लोक जळतात म्हणून.” तिने कागदाची गुंडाळी केली, मुलीचं मनगट धरलं आणि निघून गेली.

आता काकूंच्या स्वतःच्या वेबसाइटचं सांगायला हवं. मुलगा लहान असताना शेजारपाजारचे, नातेवाईक, डॉक्टर, जो तो सल्ला द्यायला टपलेला. जिभेखाली गोटी ठेवा, खडसावा, लाडावू नका. बोलणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं, आणि ऐकणारीला मात्र रोज घरी जाऊन पोराच्या डोळ्यांत बघायचं असतं. काकूंनी सगळ्यांचे सल्ले ऐकले, पोराला रडवलं, स्वतः रडल्या, आणि एक दिवस सगळं सोडून नुसतं थांबायला शिकल्या. मग गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी, जाड माउंटबोर्ड पुठ्ठ्याच्या कातरणांच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी ते लिहून ठेवायला सुरुवात केली. वेबसाइटचं नाव ठेवलं, ‘थांबा, तो बोलतोय’. कुठल्या कुठल्या गावांतल्या आया त्यांना पत्रं पाठवायच्या, की तुमचं वाचलं आणि आज मी त्याचं वाक्य पुरं केलं नाही. त्यातून काकूंना एक पैसा मिळाला नव्हता. मागितलाच नव्हता.

संध्याकाळी घरच्या टेबलावर तिघांनी मिळून त्या प्रशिक्षकाची साइट उघडली. काकूंचे यजमान दुकानात काच कापायचे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीकडे ती आता तडकणार अशाच नजरेने बघायचे. मुलगा आता चोवीस वर्षांचा होता, पोहायला शिकवायचा. सगळे त्याला मासाच म्हणायचे, कारण लहानपणी तो पाण्यातून बाहेर यायला तयार नसे. पाण्याखाली कुणी बोलायला सांगत नाही, असं त्याचं म्हणणं.

काकूंचा एकूण एक लेख तिथे होता. शाळेतला पहिला दिवस होता, फोनला घाबरण्याचे दिवस होते, मुलाखतीला गेलेल्या माशाला साहेब लोक हसले आणि तो पायऱ्या उतरून चालत घरी आला, तेही होतं. तलावाच्या काठावर पाय सोडून बसलेल्या सहा वर्षांच्या माशाचा पाठमोरा फोटोसुद्धा होता. खाली लिहिलं होतं, ‘माझा चिमुकला’.

“आयत्या बिळावर नागोबा,” यजमान म्हणाले.

“नागोबा नाही, गोडबोल्या,” काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून घरात त्याचं तेच नाव पडलं.

माशाने फोटो मोठा करून बघितला. “म-म-मला बाप बदलून मिळाला,” तो म्हणाला, आणि हसला. काकूंना मात्र हसू आलं नाही.

दोघांच्याही साइटला जागा देणाऱ्या कंपनीकडे काकूंनी तक्रार केली. फॉर्मवर बरोबरच्या खुणा करून, ‘वरील मजकूर माझा आहे’ असं लिहून. उत्तर आलं ते उलटंच. गोडबोल्याने उलट तक्रार केली होती की हा मजकूर आपला आहे आणि काकूंनी चोरला. पुरावाही दिला होता. काकूंनी गेल्या वर्षी आपली साइट नव्या पत्त्यावर हलवली होती, आणि या खटाटोपात प्रत्येक लेखावर हलवल्याचीच तारीख बसली होती. त्याच्या लेखांवरच्या तारखा त्याहून जुन्या होत्या. कंपनीने तारखा बघितल्या आणि काकूंची साइट बंद केली. ‘थांबा, तो बोलतोय’ उघडायला गेलं की आता पांढरं पान यायचं.

“चोर तो चोर, वर शिरजोर!” काकू फोनवर भाचीला म्हणाल्या. भाची वकील होती.

“मावशी, लिहिलं त्या क्षणी ते तुझं झालं, कायदा तेच म्हणतो,” भाची म्हणाली. “पण ते तुझं आहे हे दाखवायला लागतं. नोटीस धाडते मी. तू जुना पुरावा शोध. आणि त्याचा फोन आला तर चिडू नकोस.”

फोन आला. आवाज असा गोड की साखरेलाही मुंग्या विचारणार नाहीत. काकूंनी फोन टेबलावर ठेवून मोठ्याने लावला, म्हणजे यजमानांना आणि माशालाही ऐकू जावं.

“काकू, भांडायचं कशाला? तुमचं लिखाण कोपऱ्यात पडून होतं, मी ते लोकांपर्यंत नेलं. तुमचं नाव टाकतो ना सहलेखिका म्हणून. महिन्याला काहीतरी देतो. माझी तक्रार मागे घेतो, तुमची साइट उद्याच्या उद्या परत सुरू. फक्त शेवट माझा राहील.”

“म्हणजे?”

“म्हणजे मुलगा बरा झालेला पाहिजे. अडखळणाऱ्या पोराची गोष्ट कोण विकत घेतं?”

यजमानांनी काकूंच्या हातावर हात ठेवला, आधी विचार करू म्हणून. काकूंच्या डोळ्यांसमोर मिटलेल्या ओठांची ती मुलगी आली. “माझं नाव, आणि तुमचं खोटं?” त्या म्हणाल्या. “नाव नसलं तरी चालेल मला. खोटं नाही चालणार.” आणि त्यांनी फोन ठेवला.

“अगं, सगळंच हातचं जाईल,” यजमान म्हणाले. “दगडावर डोकं आपटलं तर दगडाला काय होतं?”

“आवाज तरी होतो,” काकू म्हणाल्या.

माशाने गोडबोल्याची साइट पुन्हा उघडली. “त्-त्याचा पुढचा क-कार्यक्रम कधी आहे?” त्याने विचारलं.

‘नको रे’ हे शब्द काकूंच्या ओठांवर आले होते. ती मुलाखत, त्या पायऱ्या त्या विसरल्या नव्हत्या. पण पोराचा चेहरा बघून त्यांनी तोंड मिटलं.

कार्यक्रम एका मोठ्या सभागृहात होता, प्रवेश मोफत, कोर्स बाहेरच्या टेबलावर. खुर्च्या भरलेल्या होत्या. आईबाप पुढे सरकून बसलेले, मुलं त्यांच्या मधे चेंगरलेली. तिसऱ्या रांगेत दुकानातली ती बाई आणि तिची मुलगीही होती. काकू, यजमान, भाची आणि मासा मागच्या दाराजवळ बसले. भाचीने फोन छातीशी धरून चित्रीकरण सुरू केलं.

गोडबोल्या मंचावर आला आणि त्याने वाचायला सुरुवात केली. ‘माझ्या मुलाला पाणी हवं होतं.’ वाचत होता सुंदर, हे काकूंनाही मान्य करावं लागलं. लोकांचे डोळे भरून आले. चोरीचा माल इतका झळाळताना बघून काकूंच्या हाताच्या मुठी वळल्या.

“तुमचा मुलगा आता कुठे असतो, सर?” एका बापाने विचारलं.

“परदेशात. भाषणं देतो,” गोडबोल्या म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या विरायच्या आत मासा उभा राहिला. एक मदतनीस बाई त्याच्याकडे माइक घेऊन धावली.

“त-त-तो म-म...”

शब्द अडकला. काकूंना त्याच्या मानेची शीर दिसत होती. सभागृहातल्या माना वळल्या.

“घाबरू नका,” गोडबोल्या मंचावरून मायेने म्हणाला. “तुम्हाला म्हणायचंय, तो मार्ग मलाही दाखवा. बरोबर? बसा आता. दीर्घ श्वास घ्या. आम्ही आहोत.”

माशाने मान हलवली. नाही. तो बसला नाही.

काकूंच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. तो मुलगा हा आहे, तुमच्या समोर उभा आहे, आणि हा भामटा खोटारडा आहे. त्या उठल्या असत्या तर क्षणात निकाल लागला असता. सगळं आयुष्य दुसऱ्या आयांना जे सांगितलं ते स्वतःला सांगणं इतकं कठीण असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खालचा ओठ दातांखाली धरला आणि त्या थांबल्या.

“वेळ कमी आहे, पुढचा प्रश्न घेऊ,” गोडबोल्या म्हणाला. मदतनीस बाईने माइक काढून घेतला.

मासा तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या पोरांना हाका मारणारा माणूस. त्याला माइकची गरज कधीच नव्हती.

“तो म-म-मुलगा म-मी आहे!”

मंचाकडे फिरलेल्या माना पुन्हा त्याच्याकडे वळल्या.

“हे म-माझ्या आईनं ल-लिहिलंय. प-पाणी मी म-मागितलं होतं. ह-ह्या माणसाला मी आज प-पहिल्यांदा बघतोय.”

“हा काय तमाशा आहे? कुणीतरी याला...” गोडबोल्याचा आवाज पहिल्यांदा खरखरला.

“थांबा हो, तो बोलतोय!” तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. काकूंच्या दुकानातली ती बाई उभी होती. आपल्या साइटचं नाव तिने कधी वाचलेलंही नव्हतं हे काकूंना ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोडबोल्याने शेवटचा डाव टाकला. “असं असेल तर मग तुम्ही बरे का झाला नाहीत?”

मासा विचार करत नव्हता, फक्त शब्दाची वाट बघत होता. सगळं सभागृह त्याच्याबरोबर वाट बघत होतं. बराच वेळ गेला, आणि या वेळी कुणालाही घाई नव्हती.

“मी ब-ब-बरा झालो नाही,” तो म्हणाला, “क-कारण मी आ-आजारीच नव्हतो.”

टाळ्या पडल्या नाहीत. एक आई हमसून रडायला लागली, दोन बाप बाहेरच्या टेबलाकडे पैसे परत मागायला धावले. आणि तिसऱ्या रांगेतली ती मुलगी आईची बाही ओढत, अडखळत, काहीतरी विचारू लागली. काय ते काकूंना ऐकू आलं नाही. आई मात्र खाली वाकून ते शेवटपर्यंत ऐकत होती.

नंतरचं काम भाचीने केलं, गोडबोल्यावर कोर्टात केसही टाकली. ज्या आयांनी वर्षानुवर्षं काकूंना पत्रं पाठवली होती, त्यांनी आपापल्या जुन्या मेल शोधून काढल्या. त्यांत काकूंचीच वाक्यं होती, आणि त्या सगळ्या मेलवरच्या तारखा गोडबोल्याच्या साइटच्या जन्माआधीच्या होत्या. कंपनीने दिलगिरीच्या दोन ओळी पाठवल्या आणि ‘थांबा, तो बोलतोय’ पुन्हा सुरू केली. गोडबोल्याने एकेक लेख गुपचूप काढून टाकला, फोटोसकट.

मग पुन्हा त्याचा फोन आला, दुपारी, दुकानात. काकू एका चौकटीच्या कोपऱ्यांना सरस लावत होत्या. मासा तलावावर जाता जाता डोकावला होता.

“सगळं काढलंय, काकू. आता तुमची केस मागे घ्या. मीही कुटुंबवत्सल माणूस आहे.”

“काढलं म्हणजे फिटलं असं नाही,” काकू म्हणाल्या. “तुमच्या साइटच्या पहिल्या पानावर लिहा. हे लिखाण कुणाचं होतं ते लिहा, आणि तो मुलगा अडखळतो हेही लिहा. ज्यांनी तुमच्या नादानं पोरांची तोंडं मिटली, त्यांनी ते वाचायला पाहिजे.”

“असं लिहिलं तर माझा धंदाच बसेल हो! थोडं समजून घ्या. मुलाला विचारा तुमच्या, तो तरी समंजस असेल. गोष्ट शेवटी त्याची आहे.”

“हे मात्र खरं बोललात,” काकू म्हणाल्या, आणि सरसाने चिकट झालेल्या हाताने त्यांनी फोन माशाकडे दिला.

माशाने फोन कानाला लावला. पलीकडून गोड आवाज पाझरत राहिला, विनवण्या, वायदे, पुन्हा विनवण्या. माशाने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने तोंड उघडलं.

“न...” तो म्हणाला. “न... न...”

गोडबोल्याची जीभ शिवशिवत असणार, पण केस डोक्यावर होती, त्यामुळे त्याला शेवटपर्यंत थांबावं लागलं.

“...नाही.”