दुसऱ्याच दंडावरचे आकडे

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. पण मित्रांनो, टेबलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे दंड आवळणारी माझी भावंडं तुम्ही पाहिली असतील, मी तसा नाही. मी फिरस्ता. पट्टा दंडाला, नळी मानेमागून आणि माझी डबी कमरेला, असा मी माणसाबरोबर पूर्ण दिवसभर, अगदी झोपेतही राहायचो. दर अर्ध्या तासाने पट्ट्यात हवा भरायची, दाब मोजायचा आणि आकडा जपून ठेवायचा, एवढंच माझं काम.

कारखान्यात माझी परीक्षा एका रबरी हातावर झाली. त्या हाताचा दाब आधीच ठरलेला असे आणि मी नेमका तोच सांगायला हवा होता. तीनशे वेळा सांगितला, एकदाही चुकलो नाही. मग माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लागली आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर माझी रवानगी झाली.

तिथे एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. ज्यांचा दाब गोळ्या घेऊनही हटत नाही, अशा माणसांसाठी तो उपचार होता. मूत्रपिंडाला रक्त नेणाऱ्या नळीभोवती बारीक नसा असतात. त्या फार चेकाळल्या की दाब वाढतो. डॉक्टर मांडीतून एक केसासारखी बारीक तार आत सरकवत आणि त्या नसांना ऊब देऊन गप्प करत. कापाकापी नाही, टाके नाहीत. पण चाचणी म्हटली की तुलना आली. म्हणून निम्म्या लोकांच्या रक्तवाहिन्यांचे फक्त फोटो काढत आणि तार बाहेर घेत. कोणाला काय मिळालं, हे त्या माणसाला सांगत नसत. माझी काळजी घेणाऱ्या सिस्टरनाही ते माहीत नसे. सगळं एका बंद यादीत होतं.

मी अनेक दंडांवर राहिलो, पण एक क्रेनवाले काका माझ्या कायम लक्षात आहेत.

ते गोदीत उंच क्रेन चालवत. बावीस वर्षं त्यांनी वरच्या काचेच्या खोलीत काढली होती. मग कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांचा दाब पाहिला आणि त्यांना खाली उतरवलं. आता ते जमिनीवर उभे राहून दुसऱ्याच्या क्रेनला हाताने खुणा करत. "पूर्ण दिवसाचा चांगला आलेख आणा, मग वर चढा," असं त्यांना सांगितलं होतं. काकांनी चाचणीत नाव दिलं ते त्यासाठीच.

पहिल्या वेळी मी त्यांच्या दंडावर बसलो तेव्हा वरच्या दाबाची सरासरी आली एकशे छप्पन्न. मग त्यांना उपचाराच्या खोलीत नेलं, डोळ्यांवर पट्टी आणि कानात गाणी लावून. दोन महिन्यांनी ते परत आले आणि सिस्टरनी मला पुन्हा त्यांच्या दंडाला बांधलं.

"काका, उद्या याच वेळेला या. आणि हा काढायचा नाही, फक्त अंघोळ चुकवायची," सिस्टर म्हणाल्या.

"एक दिवस अंघोळ नाही केली तर घरचे घरात घेतील ना?" काका हसून म्हणाले.

पण घरी पोचेपर्यंत ते हसू मावळलं होतं. त्यांनी दार लावलं, शर्टाची बाही वर केली आणि मला सोडवून बायकोसमोर धरलं. काकू सोफ्यांची कव्हरं शिवत. मशीनसमोर त्या निळ्या कापडाच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या.

"अहो, हे काय? तुमचं यंत्र माझ्या दंडाला कशाला?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे. मला काही फरक वाटत नाही गं. या वेळीही आकडा चढा आला तर मी कायमचा खाली. तुझं कसं, तुला कधी ताप येत नाही."

"हा खोटेपणा झाला."

"खोटेपणा कसला? घरातल्या घरात तर आहे."

खाली उतरवल्यापासून नवरा जेवताना मान वर करत नाही, हे काकू रोज बघत होत्या. त्यांनी दंड पुढे केला.

मित्रांनो, मला आकडे कळतात, नावं कळत नाहीत. कोणाच्या दंडावर बसवलं, हे सांगण्याची सोय माझ्यात नव्हती. मी माझं काम करत राहिलो. पट्टा फुगला की काकू मशीन थांबवत. मधूनच दोन्ही डोळे मिटून कपाळ दाबत. बारीक टाके घालून डोकं दुखतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. काकांना त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला पुन्हा आपल्या दंडाला बांधलं आणि ते रुग्णालयात आले. सिस्टरनी माझ्यातले आकडे उतरवून घेतले आणि कागद काकांकडे वळवला.

"काका, वाढलाय. एकशे एकाहत्तर."

काकांना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा उतरला. "यंत्र चुकत असेल."

सिस्टरनी मला स्वतःच्या दंडावर लावलं, मग टेबलावरच्या यंत्राने मोजून पाहिलं. दोन्ही आकडे जुळले. "यंत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

तेव्हा काकांनी काय करावं? गप्प राहिले असते तर उपचार फसला अशी नोंद झाली असती आणि त्यांच्यावर कोणी बोट ठेवलं नसतं. बोलले असते तर चाचणीतून नाव जायची भीती, आणि वर चढायची आशाही गेली असती.

"सिस्टर, हे आकडे माझे नाहीत," शेवटी ते म्हणाले. "माझ्या बायकोचे आहेत."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर ओरडले नाहीत. खुर्ची ओढून काकांसमोर बसले. "या कागदावरून उद्या कितीतरी लोकांचे उपचार ठरतील. तुम्ही त्यात दुसऱ्याचा दंड घातलात. हे मला लिहावं लागेल." मग ते थांबले. "तुमच्या मिसेस कुठे आहेत आत्ता?"

"घरी. शिवत असतील."

"त्यांना लगेच बोलवा."

काकू आल्या तेव्हा त्यांच्या कपड्यांना निळे दोरे चिकटलेले होते. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा दाब चढाच.

"पण मला काही होत नाही. शिवताना डोकं दुखतं, तेवढंच," काकू म्हणाल्या.

"तोच तर त्रास आहे, काकू," सिस्टर म्हणाल्या. "हा आजार ओरडून सांगत नाही."

रक्त तपासलं तेव्हा कळलं की मूत्रपिंडांवर ताण पडायला लागला होता. वेळेत कळलं, गोळ्यांनी आटोक्यात येईल, असं डॉक्टर म्हणाले. काका भिंतीला टेकून उभे होते. परत जाताना ते जिन्यात काकूंना म्हणाले, "डोकं दुखतं हे मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला तुमचंच कमी होतं का?"

काकांची चूक चाचणीच्या कागदांत जशी घडली तशी लिहिली गेली. त्यांना मला पुन्हा घालायला दिलं आणि या वेळी काकूंनी दिवसभर डोळ्यांत तेल घालून पहारा केला. आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. थोडा उतरला होता, पण क्रेनसाठी पुरेसा नव्हता.

काही महिन्यांनी बंद यादी उघडली. काकांचे नुसते फोटोच काढले होते, नसांना कोणी हातही लावला नव्हता. "म्हणजे तुम्ही मला गाणी ऐकवून घरी पाठवलंत," असं म्हणून काका खूप दिवसांनी मोकळं हसले. चाचणीच्या धाकाने गोळ्या वेळेवर घेतल्या, त्यानेच तो आकडा उतरला असावा, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. यादी उघडल्यावर उरलेल्यांनाही खरा उपचार द्यायचं आधीच ठरलं होतं, तसा तो काकांनाही मिळाला. त्यांचा दाब बराच खाली आला. सगळ्यांचा तसा आला नाही, तेही मीच मोजलं आहे. गोळ्या काकांच्याही सुटल्या नाहीत.

पुढच्या वर्षी दोघं मिळून तपासणीला आले. काका पुन्हा वरच्या काचेच्या खोलीत बसू लागले होते. काकूंचा आकडा त्यांच्यापेक्षाही चांगला होता आणि हे त्या सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या.

आता माझा पट्टा नीट चिकटत नाही, पंप धापा टाकतो. नवीन सिस्टर शिकायला आल्या की मला कपाटातून काढतात, नाहीतर मी तिथेच असतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कोणीतरी असं असेलच, जे सगळ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळतं आणि स्वतःबद्दल विचारलं की "मला काय धाड भरलीये" म्हणतं. त्या माणसाचा दंड एकदा पुढे करायला लावा.