मेच्या पहिल्या दिवशीचा विस्तव

विनी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ओनोराची नजर आधी तिच्या हातातल्या खापराकडे गेली आणि मग पाळण्याकडे.

विनी विस्तव मागायला आली होती. दुसऱ्या मुठीत बदल्यात द्यायला रानातला कोवळा पाला. पण आज मेचा पहिला दिवस. आज घरातून विस्तव, मीठ, दूध काहीच बाहेर द्यायचं नसतं. दिलं की घरातलं बरं त्याच्यामागून निघून जातं. लग्न होऊन आलेल्या ओनोराला हे शेजारच्या विनीनंच शिकवलं होतं.

"तापात पडले होते गं," विनी म्हणाली. "राखेखाली झाकायला उठवलंच नाही. विझला."

खंड थकला म्हणून जमीनदाराची माणसं पलीकडच्या वस्तीत घरांची छपरं पाडत होती. धूर नाही ते घर रिकामं, असं ती धरून चालत. आत वाकून बघत नसत. दुपारपर्यंत ती इथं येतील, हे दोघींनाही ठाऊक होतं.

ओनोरानं बाळाच्या छातीवर हात ठेवला. बटाटे दोनदा कुजले. नवरा, फेस्टी, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला तो परतलाच नाही. तिचं दूध आटलं. घरातलं बरं म्हणायचं ते आता एवढंच उरलं होतं, हाताखाली वरखाली होणारं.

"आज देता येत नाही, विनी," कोपऱ्यातल्या गवतावरून सासू म्हणाली. मग जरा थांबून सुनेला म्हणाली, "ओनोरा, पोराला घेऊन झऱ्यावर जाऊन ये. मी पण डोळे मिटते जरा. दार राहू दे उघडं."

म्हणजे आपण दिला नाही, कुणीतरी नेला. ओनोराला कळलं. विनीलाही कळलं, ती हसली.

"म्हातारे, या वयात देवाला फसवतेस होय?"

"तो कुठं बघतोय इकडं," सासू म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

ओनोरानं पाण्याला भांडं नेलंच नव्हतं. झऱ्यावर ती नुसती बसून राहिली, पोराचा श्वास ऐकत. परत आली तेव्हा चुलीतली, दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीची ढेकळं होती तशीच जळत होती. एकही हललं नव्हतं.

"आत आली होती," सासू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "हात शेकले. रिकाम्या पाळण्याशी उभी राहिली जरा. मग तशीच गेली, रिकामं खापर घेऊन."

पाला उंबऱ्यावर ठेवलेला होता.

ओनोरानं तो निवडला, धुतला, विस्तवावर उकळत ठेवला. विनीच्या घराच्या बाजूनं वासा मोडल्याचा आवाज आला. मग दुसरा. ओनोरानं पोराला मांडीवर घेतलं आणि बोटानं ते हिरवं पाणी चाटवू लागली, प्रत्येक वेळी आधी आपल्या ओठांना लावून, निवलं आहे का ते बघत.