व्हर्लीनचा मागचा दिवा

माझी बायको व्हर्लीन गेल्याचं कळलं तेव्हा मी परसात भेंडीला पाणी घालत होतो. फोन तिच्या धाकट्या भावाचा, रॉस्कोचा होता. ती दोघं आमच्या अलाबामाहून सायकलनं कॅनडाला निघाली होती. गुलामीतून पळालेली आमची माणसं ज्या वाटेनं उत्तरेला गेली, तीच वाट. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी घरी राहिलो.

"दाजी, ताई मागं होती," रॉस्को रडत म्हणाला. "मी पुढं. पिकअपनं तिला मागून उडवलं. मला कळलंच नाही."

पुढं तिचं सामान आलं. सायकलचा मागचा लाल दिवा शाबूत होता, पण त्याचं बटण बंद होतं.

आमच्या सायकल क्लबात रांगेत शेवटी असेल त्यानंच मागचा दिवा लावायचा, नाहीतर पाठीमागच्याच्या डोळ्यांवर येतो. हा नियम नवख्यांना व्हर्लीनच शिकवायची. ती शेवटी असती, तर दिवा लावल्याशिवाय राहिली नसती. नंतर कुणी बंद केला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

गुडघा बरा झाल्यावर मी रॉस्कोला म्हटलं, तिची वाट आपण पुरी करू. तो लगेच हो म्हणाला. तेही मला खटकलं. तिची राख मी हँडलच्या पिशवीत ठेवली.

"दाजी, सायकल चालवताय का शिलाई मशीन?" तो चिडवायचा. मी हसायचो आणि त्याच्यावर नजर ठेवायचो.

वाटेत इतिहासाचा फलक दिसला की तो थांबायचाच. "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," म्हणायचा आणि फोटो काढत बसायचा. मी वळून बघायचो तर मागं रस्ता मोकळा.

केंटकीत एका चढाआधी जुनं चर्च लागलं. दारातच मोठा फलक होता. रॉस्को मान खाली घालून पुढं निघून गेला.

मी त्याला चढावर गाठलं. "फोटो राहिला की रे."

"मागच्या वेळी काढलाय."

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

तो उतरला. सायकल गवतात पडू दिली.

"त्याच दिवशी, दाजी. तिला म्हटलं, तू हो पुढं, मी आलोच." त्यानं चढापलीकडं बोट दाखवलं. "ती तिथं पडली."

म्हणजे तो पाठीमागं आहे असं समजून ती चालली होती. म्हणून दिवा बंद.

"मला खोटं का सांगितलंस?"

"फोनवर तुम्ही पहिलं हेच विचारलंत, तिच्या मागं कोण होतं. मी होतो म्हणायची हिंमत झाली नाही."

आता आम्ही ओहायो नदीच्या अलीकडं मोटेलात आहोत; हीच नदी ओलांडली की आमची माणसं गुलामीच्या मुलखातून बाहेर पडायची. रॉस्को बाहेर पायरीवर बसलाय. त्या चढानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही. राख पिशवीतच आहे, आणि नदी ओलांडायची राहिली आहे.