काळी पट्टी

लंकाबाईंच्या डोळ्यांचा पडदा गेला त्याला चार वर्षं झाली. समोरचं माणूस म्हणजे नुसता धुराचा लोट. डोळ्यांच्या कोपऱ्यातून काळं-पांढरं तेवढं कळायचं. पण तेवढ्यावर म्हातारीनं निभावून नेलं होतं. घरातली फरशी पिवळट, आणि भिंतीच्या पायाशी चार बोटं काळ्या कडप्प्याची पट्टी. त्या पट्टीच्या कडेकडेनं खोलीतून हॉल, हॉलमधून दार. दाराबाहेर कठडा, आणि कठडा संपला की सोसायटीतलं मारुतीचं देऊळ. तिथं रोज पाचला कीर्तन. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही की कुणाचा हात धरला नाही. "देव डोळे नेतो, वाट नाय नेत," असं त्या कौतुकानं सांगायच्या.

यंदा लेकानं, रविराजनं, घराच्या रंगाचं आणि नव्या फरशीचं काम काढलं.

"आई, रंग तुम्हीच सांगा हं," रंगारी प्रफुल्लच्या देखत सून तेजस्विनी म्हणाली. "नंतर म्हणाल, मला विचारलं नाही."

लंकाबाईंना भरूनच आलं. "मला काय कळतं गं रंगातलं! फकस्त कडंची काळी पट्टी राहू दे. नायतर गेरू वढा, आमच्या कळवणला वढायचो तसा. जमीन कुठं सरती न् भिंत कुठं लागती, येवढं कळलं की बास."

"गेरू!" तेजस्विनीला हसू आवरेना. "शेणानं सारवूनही घेऊ का मग?"

रविराजही हसला. मग जरा ओशाळून म्हणाला, "अगं, तिला दिसत नाही म्हणून म्हणतेय ती."

"दिसत नाही ना? मग रंगात मत कशाला?"

प्रफुल्लनं शेडकार्ड चाळलं. "वहिनी, कडेची पट्टी, स्कर्टिंग हो, करडीपण शोभेल. मावशींना कळंल तरी."

"हॉल लहान दिसतो त्यानं. फरशी पांढरी, भिंत पांढरी, स्कर्टिंगही पांढरी." तेजस्विनी थांबली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "पण आईंचं मन नको मोडायला. त्यांच्या खोलीतली काळी पट्टी तशीच ठेवा."

"आन् हॉलमधी, रवी?"

"आई, खोलीत केलं ना तुझ्या मनासारखं? आता प्रत्येक ठिकाणी ताणू नकोस."

काम संपेतो लंकाबाई सिन्नरला लेकीकडे राहिल्या. परत आल्या त्या दिवशी तेजस्विनीच्या भिशीच्या मैत्रिणी नवं घर बघायला जमल्या होत्या. पावणेपाचला लंकाबाईंनी धुवट लुगडं नेसलं आणि निघाल्या. खोलीभर पट्टी सोबत चालली. उंबऱ्याशी ती तुटली. पुढं सगळं दूध सांडल्यासारखं. भिंत नाही, जमीन नाही, दार नाही. त्यांनी रामाचं नाव घेऊन पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला गुडघा काचेच्या टीपॉयवर आदळला आणि सरबताचे पेले खळ्ळकन फुटले.

"अहो आई! नवी फरशी!"

"बिचाऱ्या," एक मैत्रीण हळहळली. "म्हणून का त्यांच्या खोलीत वेगळी पट्टी? किती विचार करतेस गं तू सासूचा!"

"करावाच लागतो," तेजस्विनी म्हणाली. "हद्द आखून दिली की त्यांनाही बरं, आपल्यालाही."

सगळ्या हसल्या. रविराजनं आईचे खांदे धरले, तिला उलटं फिरवलं आणि पलंगावर नेऊन बसवलं. गुडघ्यातून रक्त येत होतं. ते त्याला दिसलं नाही. दिसत होतं त्याला सगळं, तरी.

"आता उठत जाऊ नकोस. काही लागलं तर हाक मार."

"कीर्तन हाय रे पाचला."

"मोबाईलवर लावून देतो. एकाहून एक बुवा आहेत त्यात."

बाहेर टाळ सुरू झाले. लंकाबाईंनी त्याचं मनगट चाचपून धरलं. "रवी, भायेरचं दार कुठल्या अंगाला ऱ्हायलं, येकदाच सांग. मी पावलं मोजून जाईन. कशाला म्हणून धक्का नाय लावणार."

"आत्ता नको गं. काचा पडल्यात, पायात जातील तुझ्या," तो मायेनं म्हणाला, मनगट सोडवून घेतलं आणि जाताना खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं.