रविवारचा खोका

मावशीने खोका पायाने सरकवत खोलीच्या मधोमध आणला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बोला, दहा वाजले. कोणाचं काय?"

"कंगवा माझा," काका म्हणाले. "चष्म्याचं घरही माझंच. सरकार, माफी असावी."

"माझे मोजे! माझी बॅट! ती पट्टीपण माझी!" मावशीचा बाळ्या खोक्यात अर्धाअधिक शिरला होता.

टिल्ली भिंतीला टेकून उभी होती. ती मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, आठ वर्षांची. बहीण गेली आणि शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मावशी तिला घरी घेऊन आली. आता सहामाही परीक्षाही होऊन गेली होती.

"तुझं काही नाही ना गं?"

टिल्लीने मान हलवली.

"बघ बाळ्या, शिक जरा. बारा वर्षांचा घोडा झालास, आणि ही एवढीशी पोर बघ. सहा महिन्यांत एक वस्तू खोक्यात नाही. गुणाची गं माझी बाई!"

हा खोका मावशीच्याच डोक्यातून निघालेला. ती हॉस्पिटलात चादरींचं भांडार सांभाळायची. तिथे हजार चादरी आणि प्रत्येकीची घडी ठरलेली. घरी मात्र शाळा सुरू झाली की धर्मशाळा व्हायची. सकाळी एकाचा बूट सापडायचा नाही, दुसऱ्याची वही, आणि तिसरा गॅसवर उतू जाणाऱ्या दुधाकडे बघत उभा. म्हणून नियम केला. जागेवर नसलेली वस्तू रात्री ज्याला दिसेल त्याने खोक्यात टाकायची. रविवारी सगळ्यांसमोर "माझं" म्हणायचं आणि न्यायचं. उरेल ते पिशवीत बांधून हॉस्पिटलातल्या झाडूवाल्या बाईंकडे. त्या ते गरजूंना वाटायच्या. पिशवी बांधताना मावशी आत बघायचीच नाही. बघत बसलं की एकही चिंधी हातून सुटत नाही, हे तिला भांडारात कळून चुकलं होतं. आणि खरंच, घर आरशासारखं झालं होतं. शेजारीपाजारी नावाजायचे, मावशीलाही ते आवडायचं. का आवडू नये?

त्या गुरुवारी ती टिल्लीला आणायला शाळेत गेली, तेव्हा वर्गाच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"राग मानू नका, पण तिला एक स्वेटर घेऊन द्या ना. थंडी वाढलीय. आणि कंपासपेटीही. रोज शेजारच्या मुलीकडे मागते."

मावशीचा चेहरा उतरला. स्वेटर तर तिने स्वतः, बाळ्याच्या स्वेटरबरोबरच घेतला होता. कंपासपेटीही नवीकोरी. बहिणीच्या लेकराला उघडं ठेवलं, असंच वाटलं असणार या बाईंना. तिने टिल्लीचा हात धरला. हात गार पडला होता.

घरी येईपर्यंत तिने दम धरला. दार लावलं आणि मग विचारलं.

"स्वेटर कुठाय?"

"खोक्यात गेला."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

"आणि कंपासपेटी?"

"ती आधीच."

"अगं मग मागायचं ना! मी दर रविवारी घसा फोडून विचारते. तोंडातून ब्र काढत नाहीस! 'माझं' म्हणायला काय जीभ झिजते?"

टिल्ली बुटाची नाडी सोडत होती. गाठ सुटेना.

"मला वाटलं, ते घरच्यांनी म्हणायचं असतं," ती म्हणाली.

मावशी तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिने टिल्लीचा पाय मांडीवर घेतला आणि नाडीची गाठ सोडवली.

"अजून काय काय गेलं, सांग मला."

टिल्लीने बोटांवर मोजलं. रंगपेटी. एक मोजा, मग दुसराही तिनेच टाकला, एकटा ठेवून काय करायचं. पाण्याची बाटली. आणि केसांचा पिवळा पट्टा.

"कोणता पिवळा?"

"आईने घेतलेला."

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर तासभर लवकर गेली. झाडूवाल्या बाईंनी डोक्याला हात लावला.

"ताई, ते का राहतंय माझ्याकडे? त्याच दिवशी वाटून टाकते मी. पिवळा पट्टा? आठवत नाही हो. कोणा पोरीच्या डोक्यात असेल."

मावशी चादरींच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली आणि पोटभर रडली. मग नेहमीसारख्या तीनशे चादरी मोजून वॉर्डात पाठवल्या.

नवा स्वेटर आला, कंपासपेटी आली. टिल्लीने दोन्ही गोष्टी घेतल्या, "थँक्यू मावशी" म्हणाली आणि दप्तरात नीट ठेवून दिल्या. तिचं ते नीट ठेवणं आता मावशीला बघवत नव्हतं. रविवारी दहा वाजून गेले तरी खोका निघाला नाही. काकांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा मावशीकडे, आणि पेपर वर केला. पुढच्याही रविवारी तेच. घरात पुन्हा बूट हरवू लागले. खुर्च्यांवर कपडे साठले. मावशीला ते डोळ्यांत खुपायचं, पण ती ओठ आवळून स्वयंपाकघरात जायची.

वार्षिक परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. दुपारी मावशी भांडी घासत होती आणि मुलं बाहेर टेबलाशी अभ्यास करत होती. टिल्ली पाणी प्यायला उठली, प्याली, परत गेली. मग बाहेरून आवाज आला. इतका मोठा, की मावशीच्या हातातलं झाकण निसटलं.

"ऊठ! ऊठ म्हणते ना! ती माझी जागा आहे!"

"नाव लिहिलंय का तुझं?"

"रोज मी बसते इथे! माझी आहे! माझी!"

मावशी ओल्या हातांनीच दारात आली. टिल्ली बाळ्याच्या शर्टाला लोंबकळली होती. वह्या जमिनीवर पडल्या होत्या, पेन्सिलींच्या सालांचा कचरा सगळीकडे झाला होता. मावशी दिसताच टिल्लीने शर्ट सोडला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाळ्या, ऊठ."

"अगं आई, मी फक्त दोन मिनिटं..."

"तिची जागा आहे, सांगितलं ना तिने? ऊठ."

बाळ्या पुटपुटत उठला. टिल्ली खुर्चीत बसली. तिने वही पुढे ओढली, पेन्सिल उचलली. आणि मग, आई गेल्यापासून पहिल्यांदाच, ती भोकाड पसरून रडायला लागली.

मावशीने दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसली.