हळदीला फुटलं रक्त

सेहेचाळीस सालचा उन्हाळा. आख्खं बेलापूर प्रवरेच्या काठी वडाखाली लोटलं होतं. शेजारच्या गावात पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत माणसं पटापट जात होती, आणि इथं झोळीबाबा माणसाच्या अंगातलं 'सरकारी सुईचं विष' डोळ्यांदेखत दाखवत होता.

ती सुई आणली होती नगरच्या नूरमहंमद डॉक्टरांनी. पटकीवरची नवी लस होती. चावडीत त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "ही लस किती गुणकारी आहे, तेच तपासायचंय. निम्म्यांना लस मिळेल, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं, ते आत्ता मलाही कळणार नाही. ज्याची खुशी असेल त्यानंच यावं."

"म्हंजी आमी काय उंदीर हाय व्हय?" कारभारी ओरडला होता. पण त्याचीच बायको मालनबाई पुढं झाली. तिची धाकटी बहीण पटकीनं गेली होती. तिनं दंड पुढं केला.

आज बाबानं तिलाच गाठलं. तळहाताला हळद फासली, डोळे फिरवले, "हुंऽऽ फट्!" केलं आणि तांब्यातलं तीर्थ ओतलं. तळहात लालभडक!

"इख बोलतंय, इख!" बाबा गरजला.

मग कारभाऱ्याचा हात. हळद तीच, तांब्या दुसरा. पिवळ्याचं पिवळं राहिलं. "ह्यो निर्मळ!" आठवडाभर अंघोळ न केलेला कारभारी निर्मळ ठरला.

त्या दिवसापासून बाया पाणवठ्यावर मालनबाईपासून घागरी दूर सारू लागल्या. कारभाऱ्यानं आपली बाज गोठ्यात हलवली. चावडी ओस पडली, डॉक्टर सामान बांधू लागले. बाबाच्या तीर्थाला मात्र कोंबड्या घेऊन रांग लागली.

गोठ्यात कारभाऱ्याचा पाय मुरगळला. मालनबाईनं नेहमीसारखी हळद घेतली, चुना कालवला. लेप लाल झाला. ती त्या वाटीकडं बघत राहिली आणि खदखदून हसत सुटली.

"अवो, तुमच्या पायाला कवा टोचली सुई?"

दुसऱ्या सकाळी ती घोंगडी घेऊन वडाखाली हजर.

"बाबा, इख तुमाला हातावरच दिसतं ना? मंग तोंडं कशाला बघायची?" दोघी बायांनी घोंगडी आडवी धरली. मालनबाईही पलीकडं गेली आणि मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेले हात तेवढे बाहेर आले.

"देव पडद्याआड बोलत न्हाई!"

"मंग काय तोंड बघून बोलतो?"

लोक हसले. बाबाची पंचाईत झाली. त्यानं पहिल्या हाताला हळद लावली, अंदाजानं तांब्या उचलला आणि ओतला. लाल!

"इख! घोर इख!" मग शेजारच्या हातावर दुसरा तांब्या. पिवळाच! "ह्यो निर्मळ!"

घोंगडी खाली आली. समोर गावचे पाटील काकासाहेब उभे! सुईला कडाडून विरोध करणारे, ज्यांच्या ओसरीवर बाबा रोज तूप-पोळी चापत होता, तेच! आणि निर्मळ ठरलेला शेजारचा हात मालनबाईचा!

मालनबाईनं पहिला तांब्या काकासाहेबांच्या नाकाशी धरला. "वास घ्या. चुन्याची निवळी हाय. पाय मुरगाळला की आपन घरोघरी हेच लावतो, अन् हितं त्याला रगात म्हनून हात जोडतो!"

बाबा कोंबड्या टाकून पळाला. लोक तसेच चावडीकडं धावले, तर मालनबाई दारात आडवी.

"थांबा! बाबाच्या मागं पळाला तसं डॉक्टरच्या मागं पळू नगा. काय टोचताय, कशापायी, ते इचारा. पटलं तर हात द्या, न्हाई तर घरी जा. पर पानी समद्यांनी उकळून प्या."

कारभारी घसा खाकरत म्हणाला, "डॉक्टर, माझ्या वाट्याला नुसतं पानीच आलं तर मला काय फायदा?"

"तुम्हाला कदाचित काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पुढच्या पटकीत पोरांना काय टोचायचं, ते आपल्याला नक्की कळेल."

कारभारी लंगडत पुढं झाला आणि त्यानं बाही वर सारली.