लाल-पांढऱ्या दोऱ्याचे टोमॅटो

मी खाटीक. एकेचाळीस वर्षं जर्मनीत, थुरिंगियातल्या आमच्या गावात माझं दुकान होतं, आणि माझ्या हातची सॉसेजेस न्यायला तीन-तीन गावं ओलांडून लोक यायचे. मागच्या खोलीत मी, पुढे काउंटरवर माझी बायको रोझविथा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ईस्टरच्या दिवशी माझं डोकं का फिरलं ते कळेल.

त्या दिवशी मी कोकराची तंगडी भाजून टेबलावर आणली, आणि ही शांतपणे म्हणाली, "मला नको, ओटमार. मी मांस सोडलं."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

अहो, अडुसष्टाव्या वर्षी! खाटकाची बायको! दोन दिवसांनी बेकरीत पाव घ्यायला गेलो तर बातमी आधीच पोचलेली, रांगेतले चार जण माझ्याकडे बघून हसले. घरी येऊन मी तिला म्हटलं, "म्हणजे एकेचाळीस वर्षं मी पाप केलं, असंच ना?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हटलंस. ताटाने म्हटलंस."

झालं! तेव्हापासून एका घरात दोन संसार. ती आपलं शिजवून सहाला जेवायची, मी माझं सातला. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेली आणि टेबलावर एका वेळी एकच ताट. तुम्हाला खरं सांगतो, माझा राग चार दिवसांत उतरला होता. पण उतरलेला राग कबूल कोण करणार? आमच्या घराण्यात ती पद्धत नाही.

जुलैत तिचा गुडघा बदलला आणि ऑगस्टमध्ये तिला तीन आठवड्यांसाठी डोंगरातल्या आरोग्यधामात पाठवलं. बरोबर टोमॅटो पिकायच्या दिवसांत. गावाबाहेर बागांची कॉलनी आहे, तिथे आमचाही एक तुकडा आहे आणि त्यावर लाकडी खोपटं. बाग तिची. मी तिथे जायचो ते सॉसेज भाजायला आणि डुलकी काढायला. निघताना ती म्हणाली, "पाणी घाल. पिकतील ते खा, लोकांना दे, सडवू नकोस. आणि दोरा बांधलेले आहेत ते दिसतीलच तुला."

"दिसतील की. आंधळा आहे का मी?"

एवढंच बोलणं झालं. दोघांनाही वाटलं, आणखी सांगायचं काय त्यात.

आता त्या टोमॅटोंचं ऐका. रोझविथाची आई, मथिल्डे, युद्धानंतर बोहेमियातून निर्वासित होऊन आली ती घागऱ्याच्या शिवणीत बी शिवून घेऊन. बाकी सगळं मागे राहिलं. आईच्या घरातली रोझविथाकडे उरलेली एकच वस्तू म्हणजे ते बी. मोठे, घड्याघड्यांचे, दिसायला अगदी बेढब टोमॅटो. दर वर्षी चांगली फळं निवडून बी धरायचं, पुढच्या वर्षी पेरायचं. ही गोष्ट मी प्रत्येक नाताळात ऐकलेली, म्हणजे कधीच ऐकलेली नाही. यंदा उंदरांनी बियांची पुडी फोडली आणि मथिल्डेचं एकच रोप वाचलं, हेही तिने मला सांगितलं असणार. तिच्या मते दोनदा.

दोन आठवडे मी पावाबरोबर बागेतल्या बाकीच्या रोपांचे टोमॅटो खाल्ले, शेजाऱ्यांना वाटले, तरी रोज बादली भरतच होती. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. "शनिवारी दुपारी सोडतायत. गाडी मला बागेतच उतरवेल. मी येताना काहीतरी खाऊन येईन, तू तुझं बघ."

तू तुझं बघ! घरी परत येणारी बायको रस्त्यात खाऊन येते, का तर आपल्या घरात आपल्याला कोण वाढणार? तेव्हाच ठरवलं: शनिवारी ती माझ्या हातचं जेवणार, माझ्याबरोबर जेवणार, आणि त्यात मांसाचा कण नसणार. माफी मागायला मला जमत नाही. पण हात चालतात.

सोमवारी बागेतच सुरुवात केली. पाव, कांदा, टोमॅटो, सगळं दुकानातल्या खिम्याच्या मशीनमधून काढायचं आणि त्याची सॉसेजेस भरायची, असा बेत. मशीन सुरू केलं तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. आमच्या कॉलनीत एक ते तीन शांतता असते. गवत कापायचं नाही, ठोकाठोकी नाही, मोठ्याने शिंकलात तरी लोक घड्याळ बघतात. कुंपण फार वाढवायचं नाही हाही नियम, त्यामुळे शेजारच्या गुंडुलाचं डोकं लगेच वर आलं. तीस वर्षं गावात टपाल वाटलं बाईने, सगळ्यांची खबर अजून तिच्याकडेच असते.

"ओटमार! वाजले किती? आणि काय चाललंय?"

"शाकाहारी सॉसेज करतोय. रोझविथासाठी."

तिने मान उंच करून पाहिलं. "भरतोयस कशात?"

"कशात म्हणजे? आतड्यात. मेंढीच्या. चांगल्यातलं आहे."

"आतड्यात," ती म्हणाली.

"अगं, ते काय खाणं आहे का? ते नुसतं कपडे घातल्यासारखं!"

"मेंढीला विचार, तिला काय वाटतं ते. आणि तो कांदा कशात परतलास?"

मी कढईकडे पाहिलं. डुकराची चरबी. काय करणार, हाताला सवय. मशीन बंद केलं, सगळं कचऱ्यात घातलं आणि तिला म्हटलं, "मग तूच सांग, शहाणे."

गुंडुलाने सांगितलं ते साधंच होतं. टोमॅटो पोखरायचे, आत शिजवलेले सातू, कांदा, चीज भरायचं आणि भट्टीत ठेवायचे. मंगळवारी केले. चव? कागद चावल्यासारखी. मग मला अक्कल आली. एकेचाळीस वर्षं मी लोकांना मांस विकलं ते काय नुसत्या मांसाच्या चवीवर? मसाला माझाच होता ना! शहाजिरं, मिरी, भरपूर लसूण आणि मूठभर मार्जोरम, आमच्या सॉसेजचा पाला. तेलावर परतून सातूत घातलं. संध्याकाळी गुंडुलाला दोन वाढले. तिने बोटं चाटली.

"छान झालेत, ओटमार."

"एवढं नवल कशाला वाटतंय?"

"नवल नाही, धक्का बसलाय."

आता शनिवारसाठी उत्तम माल हवा. बुधवारी सकाळी बागेत फिरलो, आणि मथिल्डेच्या त्या एकुलत्या रोपावर दिसलंच की! तीन टोमॅटो, प्रत्येक माझ्या मुठीपेक्षा मोठा, देठाला लाल-पांढरा दोरा बांधलेला. तो दोरा माझाच. दुकान बंद केलं तेव्हा त्याची सतरा रिळं उरली होती. मागच्या खोलीत माझा नियम एकच: दोरा बांधला म्हणजे माल तयार. हॅम असो, सॉसेज असो, दोरा नाही तोवर हात लावायचा नाही, दोरा बांधला की गिऱ्हाइकापुढे. म्हटलं बघा, बायको गेली तरी निवडून, खूण करून गेली. मन भरून आलं हो माझं. तिन्ही तोडले.

टोप्या उडवल्या, आतलं काढलं. चांगला माल दोन-तीन दिवस गारव्यात टांगावा लागतो, तरच चव उतरते, हे मला कुणी शिकवायला नको. टोमॅटो टांगता येईनात, म्हणून खोपटातल्या फ्रीजमध्ये जाळीवर पालथे घातले. आतला गर, बिया, पाणी एका बरणीत ओतलं. आतलं फेकणं हे आमच्या धंद्यात पाप आहे. त्याचं सूप करीन म्हणून बरणी खोपटामागच्या खिडकीत ठेवली आणि साफ विसरलो. उन्हं अशी होती की माणूस वितळावा. गुरुवारी त्या रोपाची पानं काळी पडलेली दिसली. करपा. करपा पडलेलं झाड त्याच दिवशी उपटायचं हा आमच्या कॉलनीचा कायदाच. उपटलं, वरच्या चार सडक्या हिरव्या फळांसकट टाकून दिलं.

शनिवारी दुपारी रोझविथा कुबड्या टेकत आत आली. टेबलावर दोन ताटं होती. तिने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"कुणी येणारे का?"

"आली की. बस."

"मी खाऊन..." ती बोलायची थांबली आणि बसली. मी तीन टोमॅटो आणले. एक तिला वाढला, एक मला, एक मधे ठेवला. तिने पहिला घास घेतला. माझा घास माझ्या हातातच.

"मार्जोरम घातलास?"

"घातला."

"ओटमार, हे तुझ्या सॉसेजसारखं लागतंय."

"मग वाईट आहे का?"

"वाईट कोण म्हणतंय?" तिने दुसरा घास घेतला. "सॉसेजची चव मला कधीच नकोशी नव्हती रे. वास नको झाला होता. एकेचाळीस वर्षं केसांतून जाईना. रात्री उशीला सुद्धा यायचा."

"मग हे ईस्टरलाच सांगायचं होतंस!"

"तू विचारलंस का? तू आपला पापावर जाऊन बसलास."

मी मान खाली घालून खात राहिलो. पण बरं वाटत होतं. एवढं बरं पाच महिन्यांत वाटलं नव्हतं. मग तिने काट्याने टोमॅटोची साल उलटून पाहिली. "हे कुठल्या झाडाचे?"

"खास तुझ्यासाठी," मी छाती फुगवून म्हटलं. "दोरा बांधलेले."

तिचा काटा ताटात पडला.

"तिन्ही?"

"तिन्ही. का?"

"आईचं बी होतं ते." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू बोलली. "दुसरं नाहीये, ओटमार. ते शेवटचं होतं. झाडावर आणखी काही आहे का?"

झाडाला काय झालं ते सांगितलं.

"अरे, दोरा बांधला होता ना मी! हात लावायचा नाही म्हणून!"

"दोरा बांधला म्हणजे तयार! एकेचाळीस वर्षं तू त्याच दुकानात होतीस!"

"मी काउंटरवर होते! काउंटरवर दोरा बांधलेलं पुडकं म्हणजे कुणीतरी सांगून ठेवलेलं. दुसऱ्याने मागितलं तरी द्यायचं नाही!"

एकच दुकान, एकच दोरा, मधे एक दार. मागच्या खोलीत त्याचा अर्थ एक आणि पुढच्या खोलीत दुसरा, आणि इतक्या वर्षांत कुणी कुणाला विचारलं नाही. रोझविथा रडायला लागली. आईच्या मयतीला रडली होती, त्यानंतर आज. मी तिच्यासमोर बसलो होतो आणि तिच्या आईचं शेवटचं फळ माझ्या पोटात होतं. जमीन दुभंगावी असं वाटलं.

नेमकं तेव्हा कुंपणावर गुंडुलाचं डोकं आलं. "आलीस का, रोझविथा? बरं झालं! आता या माणसाला सांग, खिडकीतल्या त्या बरणीचं काय ते कर. नुसती घाण सुटलीये! कॉलनीच्या सभेत काढीन मी विषय!"

"गुंडुला, ही काय वेळ आहे का?" मी खेकसलो.

पण रोझविथाने डोळे पुसता पुसता नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. कुबड्या उचलल्या आणि नवा गुडघा विसरून खोपटामागे चालती झाली. मी मागोमाग. बरणीवर पांढऱ्या बुरशीची साय आली होती, फेस उसळत होता आणि तळाला बिया बसल्या होत्या.

"हे काय आहे?"

"आतलं," मी पुटपुटलो. "त्याच तिघांचं. बुधवारचं. सूप करणार होतो, राहून गेलं. टाकतो आत्ता..."

"टाकशील तर हात मोडीन!" आणि बाई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतेय. "अरे वेड्या, बी असंच धरतात! तीन दिवस कुजवायचं, वरचं काढायचं आणि धुवायचं. दर वर्षी मी हेच करते. वासाने तू डोकं खाशील म्हणून बरणी लपवून ठेवते."

"कुठे?"

"गवत कापायच्या यंत्रामागे. तिथे तू कधीच जात नाहीस."

गुंडुला कुंपणापलीकडे इतकी हसली की शांततेचे दोन तास संपायला अजून तास होता हेही विसरली.

मी पाणी ओतत गेलो आणि रोझविथा चाळणीत बिया धूत गेली. मग आमच्या दुकानाच्या जुन्या कागदावर, माझ्या छापील नावावरच, तिने त्या एकेक करून पसरल्या आणि कागद सावलीच्या खिडकीत ठेवला. "दोरा दे," म्हणाली. रीळ दिलं. तिने खिडकीच्या कडीला लाल-पांढरी गाठ मारली.

"आता हिचा अर्थ काय?" मी विचारलं.

"अर्थ एवढाच की आधी विचारायचं."

आम्ही टेबलाशी परत आलो. जेवण गार झालं होतं. मी उठून गरम करायला निघालो तर म्हणाली, राहू दे. मधला टोमॅटो तिने दोन भागांत कापला, मोठा भाग स्वतःच्या ताटात घेतला आणि लहान माझ्या ताटात टाकला. मग मी विचारलं. सेहेचाळीस वर्षांत असं काही विचारलेलं मला आठवत नाही.

"उद्या जेवायचं किती वाजता?"

तिने काट्याने ताटातला शेवटचा सातू वेचला.

"साडेसहाला," रोझविथा म्हणाली.